धावतं इंजिन, थांबलेले आजोबा: एका चौकोनी फोटोचा हिशोब

हा भाग ज्यांनी ऐकलाय त्यांनीही एकदा वाचून काढा, कारण यात थोडी आकडेमोड आहे आणि कानाने भागाकार करणं मला स्वतःलाही जमत नाही. बोलताना मी दोन ठिकाणी अडखळलो होतो, ते इथे दुरुस्त केलंय. बाकी सगळं जसंच्या तसं.

सुरुवात एका फोटोपासून करतो. आमच्या नंदुरबारच्या घरात, आजीच्या लोखंडी पेटीत, रेशनकार्डाच्या जुन्या पिशवीत तो सापडला. कृष्णधवल, चौकोनी, जेमतेम सहा सेंटिमीटरचा, कडेने पांढरी पट्टी. मागे पेन्सिलने फक्त '७४ लिहिलंय. पुढे खडीवर एक माणूस उभा आहे, हातात गुंडाळी सोडलेला झेंडा. त्याच्या मागून वाफेचं इंजिन चाललंय. माणूस बऱ्यापैकी स्पष्ट आहे. इंजिन मात्र आडवं पुसल्यासारखं, ओल्या पाटीवरून बोट फिरवावं तसं.

आजी म्हणाली, "हाऊ शे तुना आजला."

माझे आजोबा रेल्वेत पॉइंट्समन होते. नंदुरबारला आणि या पट्ट्यातल्या दोन-तीन लहान स्टेशनांवर त्यांनी नोकरी काढली. मी दुसरीत असताना ते गेले. त्यांचे फोटो आमच्याकडे मोजून चार: एक लग्नानंतरचा स्टुडिओतला, दोन लग्नसमारंभांमधले ज्यात ते मागच्या रांगेत आहेत, आणि हा. कामावरचा हा एकच. त्यामुळे फोटो कोणी काढला, कशाने काढला आणि इंजिन पुसलेलं का आहे, हे मला जरा जास्तच मनावर घ्यावंसं वाटलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, बीटेक झालंय, पण त्या डिग्रीतलं फिजिक्स आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलं ते इथे.

आधी थोडं मागे जाऊ.

रेल्वे आणि फोटो या दोन्ही गोष्टी आपल्याकडे जवळजवळ हातात हात घालून आल्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या सोसायटीतले एक सुरुवातीचे हिंदुस्थानी फोटोग्राफर. हरिश्चंद्र चिंतामण हे दुसरं नाव, त्यांचा मुंबईत स्टुडिओ होता. म्हणजे मराठी माणसाच्या हातात कॅमेरा फार लवकर आला. पण धावती गाडी त्यांच्यापैकी कोणालाच टिपता येणं शक्य नव्हतं.

कारण तेव्हा फोटो काचेवर निघायचा. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने जी ओल्या काचेची पद्धत आणली, तिच्यात काचेवर कोलोडियन ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढून काही सेकंद थांबायचं आणि वाळायच्या आत धुवायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, आणि अंधाराचा तंबू सोबत. बोरघाटाचं काम चालू असताना काढलेले फोटो आजही उपलब्ध आहेत. तिथलं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने ते काम पुढे तडीस नेलं. घाटाच्या त्या फोटोंचं श्रेय तिच्याच नावावर आहे. त्या काळातले असे फोटो नीट बघा. पूल आहेत, बोगदे आहेत, कातळ आहे. जे हललं नाही ते आलं. जे हललं ते एकतर धुकं झालं किंवा गायबच झालं. इंजिन दिसलं तर ते उभं असलेलं.

आता आपल्या भागात या. तापी व्हॅली रेल्वे, म्हणजे सुरतेहून व्यारा, नवापूर, खांडबारा, नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेर आणि पुढे जळगावकडे जाणारी लाईन, एकोणिसावं शतक संपता संपता सुरू झाली. कंपनी वेगळी होती, पण गाड्या चालवायची बीबी अँड सीआय. १९५१ नंतर ती पश्चिम रेल्वेत आली. गंमत अशी की १९०० मध्येच अमेरिकेत कोडॅकने ब्राऊनी नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला. सामान्य माणसाच्या हातात पहिल्यांदा कॅमेरा आला आणि साधारण त्याच सुमारास नंदुरबारला गाडी आली. पण दोघांची गाठ पडायला पुढे साठ-सत्तर वर्षं जावी लागली. निदान आमच्या घरापुरती तरी.

(हे बोलताना मी नवापूर स्टेशनवर पाच मिनिटं घालवली होती, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये वगैरे. इथे गाळतोय. त्यावर वेगळा भाग करू, कारण त्या बाकड्याचा सेल्फी तुमच्यातल्या अर्ध्या लोकांकडे आहेच.)

तर मुद्दा शटरचा. तुमच्या मोबाईलमध्ये कॅमेरा स्वतःच शटरचा वेग ठरवतो आणि भर उन्हात तो सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी असतो. म्हणून हा प्रश्न आपल्याला कधी पडतच नाही. पण हिशोब करून बघा. गाडी ताशी ६० किलोमीटरने जातेय, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडं राहिलं तर तेवढ्यात इंजिन ५५ सेंटिमीटर पुढे सरकलं. पाचशेवा भाग, तर ३.३ सेंटिमीटर. हजारावा, तर दीड-पावणेदोन. गाडी फोटोत किती पुसली जाणार हे इथेच ठरतं, ब्रँड कुठला यावर नाही.

१९२५ मध्ये जर्मनीत लायका बाजारात आला. ऑस्कर बार्नाकने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला, ज्याचं शटर पाचशेव्या भागापर्यंत जायचं. रेल्वेवेड्यांना तो देवासारखा पावला. खिशात मावणारा, झटपट रोल पुढे सरकणारा, आणि त्याच्या खिडकीतून बघताना बटण दाबल्याच्या क्षणीही गाडी दिसत राहते. नंतर आलेल्या एसएलआर कॅमेऱ्यांत, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यांत, नेमक्या त्या क्षणी आरसा वर जातो आणि डोळ्यापुढे अंधार. फोटो मिळाला की नाही हे रोल धुवून येईपर्यंत कळत नाही. माझ्याकडे जुना झेनिट-ई आहे, रशियन, विटेएवढा जड, त्यावर हेलिऑस ५८ मिलिमीटरची लेन्स. त्याचा आरसा इतक्या जोरात आपटतो की शेजारचा बगळा उडतो. पण शटर पाचशेव्या भागापर्यंत जातं, बॅटरी लागत नाही, आणि लेन्स किमतीच्या मानाने फार चांगली आहे. माझं मत विचाराल तर शिकायला तोच घ्या. निकॉनचा एफएम-२ १९८२ मध्ये चार हजाराव्या भागापर्यंत पोचला, तो अर्थातच वरचढ, पण तो घेऊन चुका कळत नाहीत.

दुसरी जात म्हणजे दोन भिंगांचे उभे डबे. रोलायफ्लेक्स हा त्यांचा राजा, १९२९ चा. आपल्याकडे लग्नाच्या फोटोग्राफरांकडे बहुतेक याशिका-मॅट असायचा: ८० मिलिमीटर लेन्स, शटर पाचशेव्या भागापर्यंत, आणि १२० च्या रोलवर सहा बाय सहाच्या बारा चौकोनी निगेटिव्ह. निगेटिव्ह मोठी, म्हणून तपशील भरपूर. पण गाडीसाठी एक अडचण. वरून खाली काचेत बघायचं असतं आणि त्या काचेत डावं-उजवं उलट दिसतं. सुरतेकडून येणारी गाडी तुम्हाला जळगावकडून येताना दिसते. गाडी डावीकडे सरकली की माणूस कॅमेरा भलतीकडेच फिरवतो. मी एकाचा उधार घेऊन खांडब्याऱ्याजवळ एक रोल संपवला. बारापैकी सात फोटोंत फक्त डब्यांचा शेवट आलाय.

आणि मग एक साधी बिचारी जात, जी खरं तर आपल्या देशात सगळ्यात जास्त घरांत गेली: आग्फा क्लिक-३. हा बडोद्याला, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा. काळा प्लॅस्टिकचा डबा, १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो. लेन्स साधारण ७२ मिलिमीटरची. ऊन असेल तर एक खूण, ढग असतील तर दुसरी. शटरचा वेग मात्र एकच, सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास. परदेशी कॅमेऱ्यांवर तेव्हा भरमसाठ ड्युटी होती, त्यामुळे पगारदार घरात कॅमेरा म्हणजे बहुतेक वेळा क्लिक. रोलही देशी मिळू लागले होते, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू हा ब्रँड अनेकांच्या वडिलांना आठवत असेल.

आता आजोबांच्या फोटोकडे परत.

प्रिंट सहा सेंटिमीटरची आहे, म्हणजे मोठी न करता निगेटिव्हवर कागद ठेवून थेट काढलेली. म्हणजे कागदावर जे माप, तेच निगेटिव्हवर. मी ती स्कॅन करून मोठी केली. इंजिनाची चार मोठी चाकं ओळीने दिसतात. चार जोडलेली मोठी चाकं आणि पंचाहत्तरच्या आसपासचं साल, म्हणून डब्ल्यूजी धरलं. मालगाड्यांचं हे इंजिन देशभर होतं, हजारोंनी बनलं, चित्तरंजनच्या कारखान्याने पहिल्यांदा बनवलं तेही हेच. त्याच्या मोठ्या चाकाचा व्यास ५ फूट १½ इंच, म्हणजे १५६२ मिलिमीटर.

गाडी आडवी पळत असल्याने चाक आडवं फाकलंय, पण त्याची उंची कायम राहते. उंची मोजली, ७ मिलिमीटर. म्हणजे चित्र खऱ्यापेक्षा २२३ पट लहान. ७२ मिलिमीटरची लेन्स असेल तर फोटोग्राफर रुळापासून सोळा मीटरवर उभा होता. हे पटण्यासारखं आहे, स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला तेवढी जागा होती असं आजी सांगते.

मग इंजिनाच्या पुढचा दिवा घेतला. तो गोल असायला हवा होता, तो साबणाच्या वडीसारखा लांबट झालाय. लांबणी १.२ मिलिमीटर. गुणिले २२३, म्हणजे जवळजवळ २७ सेंटिमीटर. शटर उघडं असताना इंजिन २७ सेंटिमीटर सरकलं. शटर तिसाव्या भागाचं असेल तर वेग सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी २९ किलोमीटर. जुन्या स्प्रिंगचा भरवसा नाही, पंचविसावा भाग धरा किंवा चाळिसावा, उत्तर २४ ते ३८ च्या मध्ये येतं. लहान स्टेशनातून न थांबता निघालेल्या मालगाडीला हा वेग शोभतो. हेच जर शटर अडीचशेव्या भागाचं मानलं तर इंजिनाचा वेग येतो ताशी २४०. तापी व्हॅलीवर वंदे भारतच्याही पुढचं काहीतरी!

तुमच्यातला कोणीतरी म्हणेल, याशिका-मॅटही तिसाव्या भागावर लावता येतो की. बरोबर. म्हणून मी कोपरे बघितले. मधला भाग ठीक आहे, पण चारही कोपऱ्यांत खडी विरघळलीय आणि सिग्नलचा खांब कडेला किंचित वाकलाय. चांगली लेन्स भर उन्हात असं करत नाही. स्वस्त भिंग करतं. त्यामुळे क्लिक किंवा त्याचा एखादा भाऊबंद, असं मी ठरवलंय. शपथेवर नाही, पण पैज लावायला तयार आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मला नव्याने कळली. रेल्वेचे जुने फोटो बघा, इंग्लंडमधले असोत, आपल्याकडचे असोत. जवळजवळ सगळ्यांत इंजिन तिरकं, समोरून येताना दिसतं. मला वाटायचं की ती फक्त आवड आहे, इंजिनाचं तोंड छान दिसतं म्हणून. पण त्यामागे शटरही आहे. गाडी तुमच्या नजरेला काटकोनात पळत असेल तर सगळाच वेग फोटोत उतरतो. तुमच्या नजरेशी ३० अंशांत येत असेल तर निम्माच. २० अंशांत, तर एक-तृतीयांश. म्हणजे कॅमेरा न बदलता, फक्त चार पावलं रुळाच्या दिशेने सरकून, शटर दुप्पट-तिप्पट वेगवान केल्यासारखं होतं. आजोबांचा फोटो काढणारा बरोबर काटकोनात उभा होता. सगळ्यात वाईट जागा!

लांबची लेन्स घेतली तर फरक पडतो का? इथे बरेच जण फसतात, मीही फसलो. इंजिन फिल्मवर तेवढ्याच आकाराचं येत असेल तर ५० मिलिमीटरने जवळून काढा किंवा २०० ने लांबून, पुसट तेवढंच. लांब लेन्सचा खरा फायदा हा की तुम्ही रुळाच्या वळणावर दूर उभे राहता, कोन आपोआप लहान होतो, आणि मागच्या डब्यांची रांग एकमेकांवर चढल्यासारखी घट्ट दिसते. उलट २८ ची रुंद लेन्स घेऊन जवळ गेलात तर इंजिनाचं नाक फुगतं आणि मागचा डबा काडेपेटी होतो. ८५ ते १०५ ही मला सगळ्यात प्रामाणिक वाटते.

फिल्मचा वेगही आड येतो. कोडॅक्रोम ६४ ही रंगीत स्लाइड फिल्म १९७४ ची, आजोबांच्या फोटोच्याच सालातली. भर उन्हात तिच्यावर पाचशेवा भाग हवा तर लेन्स ५.६ पर्यंत उघडावी लागते. क्लिकसारख्या डब्याची ती ताकदच नाही. शिवाय ती धुवायची प्रक्रिया इतकी किचकट की गल्लीतल्या स्टुडिओचं ते काम नव्हे. १९९५ मध्ये ब्रॉडगेजवरचं नियमित वाफेचं इंजिन बंद झालं, त्याआधीच्या वीस वर्षांत परदेशी छांदिष्ट चांगले कॅमेरे घेऊन भारतभर फिरले. यवतमाळच्या शकुंतलेपर्यंत पोचले, जिचं मँचेस्टरला बनलेलं इंजिन १९९४ पर्यंत चाललं. त्यांचे फोटो अप्रतिम आहेत, मी तासन् तास बघतो. पण त्यांत इंजिनाचा नंबर असतो, शेडचं नाव असतं, तारीख असते; कडेला झेंडा घेऊन उभा असलेल्या माणसाचं नाव नसतं. तो त्यांचा दोष नाही, ते इंजिन बघायला आले होते. आमच्या फोटोत नेमकं उलट झालंय. इंजिन पुसलंय, माणूस आहे.

आणि उजेड. आपली लाईन ढोबळमानाने पूर्व-पश्चिम. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून, म्हणून रुळाच्या दक्षिणेला उभं राहिलं की चाकांवर प्रकाश मिळतो. पण नंदुरबार कर्कवृत्ताच्या खाली आहे. मे संपता संपता दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जूनमध्ये तर किंचित उत्तरेला जातो. तेव्हा काळ्या इंजिनाची चाकं म्हणजे काळोखात काळं. आजोबांच्या फोटोत टोपीची सावली नाकापर्यंत आलीय. दुपार होती, उन्हाळा होता. एवढं तरी त्या '७४ मध्ये भरता आलं.

मग मी क्लिक-३ विकत घेतलाच. ऑनलाइन, कातडी केसासकट. १२० चा रोल आता हजाराच्या घरात जातो, म्हणजे एका फोटोला ऐंशी-पंच्याऐंशी रुपये; बटण दाबताना हात थरथरतो. मागच्या दिवाळीत नंदुरबारच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, रुळापासून लांब उभा राहिलो. आता दुहेरी लाईन झालीय, २०१८ पर्यंत ते काम पुरं झालं, डोक्यावर विजेच्या तारा आहेत, ओळीने खांब आहेत. विजेचं इंजिन शंभरच्या आसपास वेगाने आलं. तिसाव्या भागात ९० सेंटिमीटरच्या वर. पहिल्या चार फोटोंत निळ्या-पांढऱ्या पट्ट्या असणार होत्या. कृष्णधवल असल्याने नुसत्या करड्या पट्ट्या. पाचव्याला गाडीसोबत कॅमेरा फिरवला, क्रिकेटमध्ये बॉलच्या मागे मान फिरते तसा. गाडी थोडी धरली गेली, खांब मात्र गवतासारखे झोपले. एका लॅबने त्यातली शेवटची तीन निगेटिव्ह कापताना मधूनच कापली. ते दुःख मी इथे सांगत बसत नाही.

ज्यांना हे सगळं लांबचं वाटतंय त्यांनी एक प्रयोग करा. धावत्या गाडीच्या खिडकीतून मोबाईलने बाहेरच्या जवळच्या खांबांचा व्हिडिओ घ्या. खांब तिरके दिसतील. कारण मोबाईलचा सेन्सर पूर्ण चित्र एकदम वाचत नाही, ओळी-ओळीने वाचतो, तोवर खांब सरकलेला असतो. माझ्या झेनिटमध्येही कापडी पडद्याची फट आडवी सरकत जाते, म्हणून गाडी तिच्या दिशेने पळत असेल तर किंचित लांबते, उलट असेल तर आखूडते. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये लार्टीग नावाच्या तरुणाने रेसच्या मोटारीचा जो फोटो काढला, त्यातलं तिरकं लंबगोल चाक याच कारणाने. तुमच्या खिशातल्या वीस-पंचवीस हजारांच्या मोबाईलमध्ये तोच दोष शाबूत आहे.

हिशोब पुरा झाल्यावर मी आजीला फोन केला. सोळा मीटर, सत्तावीस सेंटिमीटर, ताशी एकोणतीस, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. फोटो कोणी काढला हे तिला नक्की आठवत नाही. सुरतेहून मास्तरांकडे कोणी पाहुणे आले होते, त्यांच्यातल्या पोराकडे डबा होता, एवढंच. मग मीच विचारलं, फोटो काळा-पांढरा आहे, झेंड्याचा रंग कळत नाही, हिरवा होता की लाल? करड्यात दोन्ही सारखेच दिसतात, मी बरंच खटपट करून पाहिलं होतं.

ती म्हणाली, "गाडी चाली राह्यनी ना? मंग हिरवाच व्हई."

पुढच्या भागात नवापूर. तोवर घरातल्या पेट्यांत चौकोनी, सहा सेंटिमीटरचे फोटो आहेत का बघा, आणि मागे पेन्सिलने काही लिहिलं असेल तर ते पुसायच्या आत मोबाईलने टिपून ठेवा.